कुत्रं घेऊन घर बघणारा आबाजी

माझ्या आईच्या बापाला, आबाजीला, कर्जतपासून खालापुरापर्यंत लोक 'कुत्रं घेऊन घर बघणारा' म्हणून ओळखत. हे काही कौतुकानं म्हणत नसत. लहानपणी यावरून मी दोन पोरांशी मारामारी केली आहे आणि एकीत दात पाडून घेतला आहे. आता या वयात वाटतं, नाव काही खोटं नव्हतं. पण लोकांना नाव तेवढं ठाऊक, त्यामागचं दुखणं ठाऊक नाही. म्हणून लिहायला बसलो.

आजा साधा भातशेती करणारा माणूस. दहिवलीच्या पलीकडं, उल्हास नदीच्या काठाला त्याची चार खाचरं होती. बायको लवकर गेली. मागं दोन लेकी राहिल्या, थोरली सुंदरा आणि धाकटी हिरू. हिरू म्हणजे माझी आई. सुंदराचं लग्न त्यानं थाटात लावून दिलं. त्याआधी घर पाहायला गेला तेव्हा गोठ्यातली जनावरं मोजली, भाताच्या कणग्या ठोकून पाहिल्या, विहिरीत वाकून पाणी किती ते पाहिलं. घर खातंपितं होतं. आबाजीनं लेकीचं कल्याण केलं, असं गाव म्हणालं.

दोन वर्षांनी गौरीच्या सणाला तो तिला आणायला गेला. ओटीवर बसला असताना सुंदराची सासू केर काढायला म्हणून केरसुणी उचलायला वाकली. उंबऱ्याशी त्या घरचं कुत्रं पडलं होतं, ते अंग चोरून बाजूला सरकलं. आणि त्याच वेळी पाण्याची कळशी घेऊन आत येणाऱ्या सुंदराचं कोपर आपसूक तोंडापुढं आलं. सासूनं कुणाला काही केलं नाही, तिनं केर काढला. पण आज्यानं दोघांनाही पाहिलं.

सणाचे तीन दिवस लेक माहेरी होती. आजा तिला एका शब्दानं बोलला नाही. बापानं लेकीला सासरचं विचारायचं नसतं, ते आईनं विचारायचं असतं, आणि आई तर नव्हती. गौरी गेल्या, आणि त्यानं स्वतः तिला सासरी नेऊन सोडलं. मार्गशीर्षात निरोप आला, तापानं गेली. ताप खराही असेल, माणूस तापानंही जातं. पण आज्याला ते कधी पटलं नाही, आणि मलाही पटत नाही.

त्यानंतर त्याला घरात बसवेना. शेतावरचं काम आटोपलं की तो नुसता चालत सुटे, मान खाली घालून, कुणी मागं लागल्यासारखा. असाच एकदा कर्जतच्या रेल्वे फाटकापाशी खरंच कुणीतरी मागं लागलं. फाटकवाल्याच्या कुत्रीला पाच पिल्लं झाली होती, त्यातलं ते एक. तांबूस रंगाचं, एक कान उभा आणि एक पडलेला. त्याला हाकलायला म्हणून आज्यानं खाली वाकून दगड उचलल्यासारखं केलं. पिल्लू शेपटी हलवत तिथंच उभं राहिलं. त्याला अजून कुणी मारलेलंच नव्हतं, दगड कशासाठी उचलतात ते त्याला कुठून कळणार? आजा तिथंच रस्त्याच्या कडेला बसला आणि लहान पोरासारखा रडला. पिल्लू खांद्यावर टाकून घरी आला आणि हिरूला म्हणाला, "ह्याला कुनी मारायचं नाय."

नाव ठेवलं वाघ्या. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तसलाच प्रकार; वाघ्या बेडकालाही भ्यायचा. पण चालायला मात्र दांडगा. सकाळी आजा काठी घेऊन निघाला की हा पुढं. कधी बांधाबांधानं नदीच्या डोहापर्यंत, कधी पळसदरीपर्यंत, कधी थेट खालापूरच्या बाजूला. उजव्या हाताला माथेरानचा डोंगर, समोर घाट. पळसदरीला गाडी घाट चढू लागली की वाघ्या वाटेतच बसकण मारी आणि शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत हलत नसे. ओढून नेला तर अंग सैल सोडून देई. मग आजाही बसे.

पिल्लाबरोबर चालणं म्हणजे निम्मं थांबणंच असतं. ते खेकड्याच्या बिळाशी थांबतं, करवंदीच्या जाळीशी थांबतं, काहीही नसलेल्या जागीसुद्धा थांबतं आणि तिथं आपल्याला न दिसणारं पुष्कळ काही आहे अशी आपली खात्री करून देतं. मान खाली घालून चालणाऱ्या माणसाला अशानं मान वर करावी लागते. कार्तिकात साजगावच्या जत्रेला आजा हिरूला आणि वाघ्याला घेऊन गेला. तिथं सुक्या मासळीचा मोठा बाजार भरतो. वाघ्यानं एका ढिगातून बोंबील पळवला आणि बोंबीलवालीनं आज्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आजा हसू लागला तो थांबेचना. वर्षभरानं बाप हसला म्हणून हिरूनं देवाला दुसरा नारळ फोडला.

पुढं हिरूची स्थळं सुरू झाली. पहिलं घर बडं होतं. आजा ओटीवर बसला, नवरामुलगा अदबीनं बोलत उभा राहिला. वाघ्या पायरीवर चढला, तशी मुलानं त्याला पायानं ढकलून खाली पाडलं. त्यात राग नव्हता. बोलणंसुद्धा थांबलं नाही, कुणाकडं न बघता सहज लाथ बसली. आज्यानं गूळपाणी घेतलं, रामराम केला आणि उठला. वाटेत त्याच्या मनानं घेतलं की देवानं आपल्याला कसोटीच पाठवली आहे. पुढं तो सगळ्यांना सांगे, "मानूस मानसाशी नीट वागतोच, चार लोकं बगतात म्हनून. कुत्र्याशी कसा वागतो, ते कोन बगतो? मी बगतो."

आणि खरंच तो बघू लागला. बैल पाहायला आलो, भाताचं बी मागायला आलो, असं काहीतरी निमित्त काढून घरी जायचं, वाघ्याला मोकळा सोडायचा आणि डोळे त्याच्यावर ठेवायचे. कुठं पोरांनी शेपटीला शेण्या बांधल्या. कुठं समोर भाकरी टाकली आणि आजा पाय धुवायला परसात गेला तेवढ्यात पुढून केकाटणं ऐकू आलं. सगळी घरं बाद झाली.

अशी गोष्ट लपून राहत नाही. दुसऱ्या वर्षी सगळीकडं बोभाटा झाला. आबाजी लांबून येताना दिसला की बायका आत धावत, "भाकरी काढा गं, कुत्रं आलं!" एका घरी तर वाघ्याला पाट मांडून दूधभात वाढला. "आमच्यात कुत्र्याला हेच," म्हणाला घरधनी. त्याचं स्वतःचं कुत्रं कुंपणाबाहेर उभं होतं, बरगड्या मोजून घ्याव्यात असं. तेही घर बाद. वाघ्या मात्र गुबगुबीत झाला, कुठल्याही ओटीवर आपल्या आजोळी आल्यासारखा चढू लागला.

इकडं हिरूला सोळावं लागलं. त्या काळी हे म्हणजे अतीच होतं. आबाजी शेवटी लेक कुत्र्यालाच देणार, असं लोक तोंडावर म्हणू लागले. हिरू ऐकून घेई. बापाला काय सलतंय हे तिला ठाऊक होतं, पण आपलं काय होणार, ही भीतीही होतीच. बहिणीसारखं मरायचं की जन्मभर बापाच्या चुलीशी बसायचं, एवढंच तिला पुढं दिसत होतं.

माघात पाताळगंगेच्या काठच्या एका वाडीतलं स्थळ कळलं. घरात अंबूबाई नावाची विधवा, तिचे दोन मुलगे. थोरल्याचं लग्न झालेलं, धाकटा पोपट लग्नाचा. आजा वाघ्याला घेऊन चार कोस चालत गेला. जेवणवेळ झाली होती. अंबूबाईनं "या, बसा" म्हटलं आणि पाणी आणायला आत वळली. तिच्या आधी वाघ्या आत गेला होता. आतून ओरडा झाला, फुंकणी सणसणत आली आणि वाघ्याच्या पुढच्या पायावर बसली. तो विव्हळत तीन पायांवर अंगणात आला. मागून अंबूबाई दारात आली ती लालबुंद होऊन. आज्यानं काठी उचलली, कुत्रं उचललं आणि पाणी न पिता चालता झाला. चार कोस त्यानं ते धूड खांद्यावर वाहून आणलं.

संध्याकाळी हिरू वाघ्याच्या पायाला हळद-तेल लावत होती.

"काय केलं व्हतं ह्यानं?"

"काय नाय गं. ताटात तोंड घातलं."

"कुनाच्या?"

"आत थोरली सून जेवत व्हती, तिच्या."

हिरूचा हात थांबला. "सून जेवत व्हती? पाव्हना ओटीवर, घरचे बापय गडी उपाशी, आन सून जेवत व्हती?"

"व्हय. कांडून दमली आसंल."

"आन सासूनं फुंकनी मारली ती सुनंच्या ताटातलं खाल्लं म्हनून?"

आमच्याकडं आधी पाहुणा, मग पुरुष, मग पोरं, मग सासू, आणि भांड्यात काही उरलं तर सून, हे आज्याला कुणी शिकवायला नको होतं. ते डोळ्यांसमोर उलटं घडलेलं असताना त्याला दिसलं नव्हतं, कारण त्याचे डोळे कुत्र्यावर होते.

"बा," हिरू म्हणाली, "ताईच्या येळंला तुमी बैल बगितले. माज्या येळंला कुत्रं बगता. मानसं कवा बगनार?"

आई सांगे, हे तोंडातून निघूनच गेलं. बापाला असं कुणी बोलत नसे. पण आजा रागावला नाही. भिंतीला पाठ लावून बसून राहिला, जेवलाही नाही.

सकाळी त्यानं वाघ्याला खुंट्याला बांधलं आणि एकटा निघाला. वाघ्या मागं ओरडत होता. दोन वर्षांत प्रथमच आजा त्याच्यावाचून चालत होता. वाटेत कुठंही थांबला नाही.

अंबूबाई अंगणात भात वाळत घालत होती. तिनं मान वर केली. "कुत्रं कुटं हाय?"

"घरी."

"पाय मोडला का?"

"नाय. सुजलाय."

"मंग बरं. मला बी रातभर वाईट वाटलं. मुकं जनावर हाय." एवढं बोलून तिनं कमरेला पदर खोचला. "पन तुमी पानी न पिता गेलात. माज्या दारातनं आजवर कुनी तसं गेलं नाय. इचारावं तरी, बाई, का मारलंस? न इचारता जानाऱ्याची सोयरीक मला नको. पोपटाला पोरी मिळतील."

ते खरंच होतं. असं घर आणि निर्व्यसनी मुलगा असताना तिला पोरींचा तोटा नव्हता. अडला होता तो आजा. त्यानं डोक्याचं पागोटं काढलं, हातात धरलं आणि आजवर कुणालाच न सांगितलेलं तिला सांगितलं. ती केरसुणी, ते कुत्रं, सुंदराचं कोपर. "मी पायलं, बाय. पायलं, आन काय बी इचारलं नाय. माज्या हातानं नेऊन सोडली. तवापास्नं मला मानसांकडं बगवत नाय, म्हनून कुत्र्याकडं बगतो."

अंबूबाई बराच वेळ भातात हात फिरवत राहिली. मग तिनं आत थोरल्या सुनेला हाक मारली. "सोने, भाईर ये. ह्या पाव्हन्याला काय इचारायचं तं इचारू दे. खरं आसंल तेच सांग, मला भिऊ नको. मी नाय हितं, मी नदीवर जाते. पोपट, तू बी चल रं." आणि ती खरोखरच मुलाला घेऊन निघून गेली.

त्याच वैशाखात माझ्या आईबापाचं लग्न झालं. पण त्या दिवशी ओटीवर पुढं काय झालं ते आज्यानं मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. मला ते सांगितलं सोनूबाईनं, म्हणजे माझ्या थोरल्या काकीनं, आजा गेल्यावर.

ती म्हणाली, "मी खांबाला धरून उबी. मला वाटलं, म्हातारा भात किती पिकतं, गुरं किती, ते इचारंल. मंग खाली बगत म्हनला, 'पोरी, तुला हितं बरं वाटतं का गं?' मला आसं कुनी इचारलं नव्हतं रं. माज्या बापानं बी नाय. मी म्हनलं, व्हय. पन त्याच्या कानात शिरलंच नाय. परत त्येच इचारलं. मी परत व्हय म्हनलं. तिसऱ्यांदा त्यानं मान वर केली, माज्याकडं बगितलं, आन म्हनला, 'सुंदरा, बरं वाटतं का गं तुला?'"

"मग?" मी विचारलं.

"मंग काय," काकी म्हणाली, "मी म्हनलं, व्हय, बा. मी बरी हाय."