खर्ड्याच्या भागुजीचं गाऱ्हाणं

मुळा नदीला पूर आला तेव्हा मी मगरीच्या पाठीवर बसून पलीकडे गेलो — ही माझी गोष्ट तुम्ही दहादा ऐकलीय, हसलाय. आजची मात्र कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, चर्चमध्ये गुडघे टेकून देवालाही नाही. हिच्यात मगर नाही. असती तर फार बरं झालं असतं.

लढाईची वर्षं. नगरच्या व्यापाऱ्यांनी कलेक्टरसाहेबांना दुपारचं जेवण दिलं — ओळख वाढावी, परवाने सुटावेत म्हणून. साहेब गोरा, नवा, मराठीचा गंध नाही. मी तेलाच्या गिरणीत कारकून, पण मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकलेला; म्हणून दुभाषा मीच. गिरणीच्या शेठजींनी बजावलं, "याकोबराव, साहेब खूश राहिला पाहिजे."

आणि काय रंगवलं म्हणता! साहेब चार कोरडी वाक्यं बोलले — माल दडवू नका, सरकारला साथ द्या. मी त्यांची चौदा केली. टाळ्या थांबेनात. साहेबांना वाटलं, आपण केवढे वक्ते!

तेवढ्यात मागच्या पंगतीतून भागुजी उठला. लांबच्या खर्ड्याचा किराणा दुकानदार, गिरणीचं तेल नेणारा म्हणून बोलावलेला. त्याचं पान वाढलेलं तसंच होतं.

"सायेब, आमच्याकडं जवारी न्हाई. मान्सं चिंचुके शिजवून खात्यात. दान्याची एक गाडी तरी धाडा, न्हाईतर गाव उठंल."

शेठजींचे डोळे माझ्यावर. साहेब विचारताहेत, काय म्हणतो हा? आणि मी — कसं सांगू? — मी इंग्रजीत म्हणालो, "हा म्हणतो, कलेक्टरांच्या पंगतीला जेवलो हे गावात कुणाला खरं वाटणार नाही. पुराव्याला एक जिलबी द्या."

साहेब खदखदून हसले. उठून स्वतःच्या हातानं त्याच्या उपरण्यात जिलब्या घातल्या. भागुजीच्या डोळ्यांत पाणी.

"काय म्हनलं सायेब?" त्यानं मला विचारलं.

शेठजींची भीती होती, हो. पण खरं सांगू? मला ते हसू आवडलं होतं.

"धाडतो म्हणाले."

खर्ड्यातली माणसं गाठोडी बांधून निघाली होती, कुठंतरी काम शोधायला. भागुजीनं ती सोडायला लावली. साहेबाचा शब्द आहे, म्हणाला. रोज वेशीत उभं राहून रस्त्याकडे बघत राहिले सगळे. आजही माझ्या गप्पांना कुणी मोठ्यानं हसलं की मला ती माणसं दिसतात — मी कधी पाहिलेलीही नाहीत, तरी एकेकाचा चेहरा दिसतो.

हे मला सांगितलं कुणी? भागुजीनंच. दीड महिन्यानं गिरणीच्या दारात उभा. तीन दिवस चालत आलेला, ओळखू येईना. धाकटी मुलगी गेली होती त्याची. मला दोष दिला नाही — देणार कशाचा?

"सायबाला लई कामं, याकोबराव. इसरलं असतील. तुमी येकदा आठवन द्या."

कचेरी गिरणीपासून दहा मिनिटांवर. साहेब त्या दिवशी तिथेच होते.

"त्यांची बदली झाली," मी म्हणालो.

त्यानं मलाच हात जोडले आणि उन्हातून परत निघाला. रस्ता सरळ होता — बराच वेळ दिसत राहिला. मी हाक मारली नाही.