अक्काची औटकी

कोपरा फाडलेलं कार्ड पोस्टमनने शाळेतच आणून दिलं. माझी बहीण अक्का गेली होती, आणि कार्ड पोचेपर्यंत तिसरा दिवसही होऊन गेला होता. कार्ड खिशात घातलं आणि तास पुरा केला. काय शिकवलं, देव जाणे... त्याला आज दीड महिना झाला.

अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आमचं गाव रोहिणखेडपासून दोन कोसांवर. दुसरीतून तिची शाळा सुटली, लग्न झालं आणि सोळाव्या वर्षी कपाळ पुसून ती माहेरी आली. दिवेलागणीला मी ओसरीवर परवचा म्हणायचो, ती आत कंदिलाची काच पुसायची. तिला पाढे शिकवायचं कुणाच्याच मनात नव्हतं, तिच्याही नाही. एकदा औटकीत, म्हणजे साडेतीनच्या पाढ्यात, मी सातावर अडलो. आतून आवाज आला, "साडेचोवीस. म्हण ना पुढं." मला पुढचं येईना, तर तिने शेवटपर्यंत म्हणून टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर मुद्दाम विचारलं, तेव्हा मात्र एक आकडा सांगता येईना. "दिवे लागू दे बे, मंग सांगीन," म्हणाली. मी तिला पुष्कळ चिडवलं. पण संध्याकाळी काच हाती आली की पाढा हजर... हे फक्त मलाच माहीत होतं.

पुढे पाच-सहा वर्षांनी मुलींच्या शाळेला बाई हवी होती. अक्काने घरी हट्ट धरला. "भावजयीच्या हाताखाली जन्म नाही काढायचा मले," ती मला म्हणाली होती. शाळाखात्याचे डिप्टीसाहेब परीक्षा घ्यायला भर दुपारी आले. वाचन झालं, शुद्धलेखन झालं. मग ते म्हणाले, "औटकी म्हणा बाई." अक्का उभी राहिली ती राहिलीच. "येते साहेब, पण आता आठवून नाही राह्यली." दारात जमलेले हसले, त्यात माझे सोबतीही होते. साहेबांचा मुक्काम दुसऱ्या दिवसापर्यंत गावातच होता. संध्याकाळी आमच्या ओसरीवर या, एवढंच मी त्यांना सांगायला हवं होतं. मी मान खाली घालून घरी आलो.

नोकरी दुसऱ्या बाईला मिळाली. अक्काचा जन्म दादा-वहिनीच्या चुलीपाशी गेला, आणि मास्तर मी झालो. घोकलेलं कुठेही हाक मारली तरी येतं. नुसतं कानावर पडलेलं मात्र जिथे पडलं तिथेच, त्या वेळेलाच भेटतं. पोरांना शिकवताना हे मी शंभरदा पाहिलं. पण ते कळायला मास्तर व्हायची गरज नव्हती. मला ते तेव्हाच ठाऊक होतं, हीच तर माझी नालायकी.

यंदा अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलो, तेव्हा ती बाजेवर पडून होती. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मग एकदम म्हणाली, "बापू, त्या दिवशी साहेबाले तू काऊन नाही सांगितलं?"

इतक्या वर्षांत तिने कधी विचारलं नव्हतं. खोटं बोलवेना. म्हटलं, "लाज वाटली मले, अक्का. सगळे हासत होते."



"हाव," म्हणाली. "मले वाटे, तू इसरला असशील."

तीस वर्षं तिने माझ्यावर तेवढी दया केली होती, आणि ती मी तिच्या हातून काढून घेतली. ते डिप्टीसाहेब आज कुठे आहेत, आहेत की नाहीत, मला ठाऊक नाही. दारात हसलेल्यांपैकी काही अजून गावात आहेत. त्यांनी वाचावं म्हणून हे लिहिलं. अक्काला औटकी येत होती.