बाहेरची कडी

दिवेलागण झाली, की शेजारच्या वहिनी दिराच्या खोलीला बाहेरून कडी लावतात. जन्मठेप भोगून तो नुकताच सुटलाय, आणि कडी लावायला तोच सांगतो. तुरुंगात अंधार पडायच्या आत कैदी मोजून कोंडतात म्हणे.

काल वहिनींना राहवलं नाही. त्यांनी कडी नुसतीच वाजवली, लावली नाही. आतून त्याने सवयीने दार ढकलून पाहिलं, तर ते उघडलं. तो उंबऱ्याआडच उभा.

"वहिनी, उघडं राहिलं! ठपका माझ्यावर येईल!"

"भाऊजी, आता कोण येतंय मोजायला?"

थोडी वर्षं कोंडलेला माणूस दाराकडे डोळे लावून बसत असेल. फार वर्षं कोंडलं, की उघड्या दाराचीच धास्ती बसते.

शेवटी वहिनींनी कडी घातली. आतून सुटकेचा सुस्कारा ऐकू आला. त्यांचा हात मात्र कडीवरून निघेना.