लाकडी रॅकेटच्या बाजूने

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकांइतका एककल्ली माणूस अख्ख्या पुणे शहरात दुसरा सापडणार नाही, आणि पुण्यात एककल्ली माणसांची टंचाई पडल्याचं अजून माझ्या कानावर आलेलं नाही. इतर लोकांची मतं निदान विषयागणिक वेगळी असतात. काकांचं मत एकच, आणि जगातले सगळे विषय ते ओढत आणून त्या एका मताच्या दावणीला बांधतात. मत असं, की टेनिस हा खेळ लाकडी रॅकेट होती तोवर होता. त्यानंतर जे चाललं आहे तो व्यायाम आहे. तरुणपणी ते बँकेच्या संघाकडून खेळायचे. तेव्हाची रॅकेट अजून त्यांच्या हॉलमध्ये टांगलेली आहे, लाकूड वाकू नये म्हणून चार स्क्रूंच्या चौकटीत आवळलेली. पाहुण्याने तिच्याकडे नुसतं बघितलं तरी त्याचा पुढचा तास गेला असं समजायचं.

मी वाघोलीतल्या आमच्या सोसायटीची सेक्रेटरी. टाकीची सफाई, लिफ्टची देखभाल, पाण्याचा टँकर, कोणाची गाडी कोणाच्या जागेत, अशा याद्या करणं आणि एकेका ओळीवर काट मारत जाणं हा माझा स्वभाव आहे. नवरा त्याला आजार म्हणतो. काका मला नावाने हाक मारत नाहीत. त्यांच्यासाठी मी पहिल्या दिवसापासून "चिटणीसबाई". पेठेतली जागा विकून काका-काकू इथे राहायला आले, कारण काकूंचे गुडघे आणि आमची लिफ्ट. आल्या आल्या काकांनी आमच्या बिल्डिंगचं निदान करून टाकलं. "चिटणीसबाई, तुम्ही सगळे बेसलाइनवाले." म्हणजे काय ते मी विचारलं, ही माझी चूक. लिफ्टचं दार मध्ये पाय घालून उघडं धरून त्यांनी मला समजावलं, की जुन्या काळी खेळाडू सर्व्हिस करायचा आणि लगेच नेटकडे धावायचा, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचा. आताचे दोघंही मागच्या रेषेवर उभे राहतात आणि धोबीघाटावर चादरी आपटाव्यात तसे बॉल आपटत बसतात, समोर माणूस आहे की भिंत याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. "तुमचंही तेच. भाजी दारात येते, औषध दारात येतं, आणि शेजारी आला की आधी दाराच्या भिंगातून बघता. नेटवर कोणी येतच नाही." तेवढ्यात तळमजल्यावरून कोणीतरी लिफ्टच्या नावाने ओरडलं, तर काका समाधानाने म्हणाले, "हा बघा. हा जुन्या पद्धतीचा दिसतोय."

टीव्हीचा रिमोट बिघडला तर तो दुरुस्त करायला ते बस बदलत बदलत बुधवार पेठेत जायचे. आमच्या कोपऱ्यावर तसंच दुकान आहे असं मी सांगितलं, तर म्हणाले, "तुमचा कोपऱ्यावरचा मुलगा थँक्यू म्हणतो हो. काय बोलणार त्याच्याशी? बुधवारातला म्हणाला, आजोबा, रिमोट नाही बिघडलेला, सेल उलटे घातलेत, डोळे तपासा." हे सांगताना त्यांचा चेहरा बक्षीस समारंभातून परत आल्यासारखा फुलला होता.

पण त्यांची खरी प्रतिस्पर्धी घरातच होती. काकूंनी उभ्या जन्मात रॅकेट हातात धरली नव्हती. त्यांचं सगळं टेनिस टीव्हीवरचं, आणि त्या ठामपणे नव्या खेळाडूंच्या बाजूच्या. संध्याकाळी त्यांच्या दारावरून जाताना हा सामना ऐकू आला नाही तर घरी कोणी नाही असं समजावं. काका म्हणणार, एका हाताने मारलेला बॅकहँड म्हणजे कला, दोन हातांनी मारायला काय, लाकूडतोड्याही मारेल. आतून काकू म्हणणार, "का? मी लाटणं एका हाताने फिरवते का?" काका म्हणाले, "लाटण्याला शैली लागत नाही." काकू म्हणाल्या, "मग आज तुम्ही लाटा." त्या रात्री काकांनी भात खाल्ला, असं काकूंनीच दुसऱ्या दिवशी मला पॅसेजमध्ये सांगितलं.

सामना पाहण्याची त्यांची एक पद्धत होती. खेळाडू बाजू बदलतात तेव्हा सोफ्यावर हे दोघंही जागा बदलायचे. ऊन आणि वारा दोघांना सारखा वाट्याला यावा म्हणून खेळात बाजू बदलतात, आणि यांच्या हॉलमध्ये पंखा एका कोपऱ्यात होता, म्हणून नियम इथेही लागू. एकदा मी टाकीच्या सफाईच्या कागदावर सही घ्यायला गेले आणि मधोमध बसले. चहाचा कप हातात घेऊन मी एवढ्या वेळा उठबस केली की शेवटी सही न घेताच घरी आले. निघताना काकू गुडघे धरत, हसत म्हणाल्या, "अहो, तुम्ही पंच आहात, तुम्ही नाही उठायचं." हे त्यांनी मला आधी सांगायला हरकत नव्हती.

गेल्या वर्षी काकू गेल्या. आजारपण थोडकं होतं. मुलगा परदेशातून आला, दिवसकार्य उरकून परत गेला. जाताना त्याने माझा नंबर घेतला आणि महिन्याभराने फोन केला. म्हणाला, "ताई, बाबांचं ब्लडप्रेशर वाढलंय. त्यांच्याशी कोणी वाद घालू नका, प्लीज. म्हणतील त्याला हो म्हणा." मुलाचं चुकत नव्हतं. इतक्या लांबून माणूस दुसरं काय करणार? सूचना स्पष्ट होती, अमलात आणण्यासारखी होती. मी ती त्याच दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर टाकली, काका त्या ग्रुपवर नव्हतेच. पुण्यातल्या एखाद्या सोसायटीने 'वाद घालू नये' ही सूचना एकमताने पाळावी, हे आमच्याकडे पहिल्यांदा घडलं. पार्किंगच्या पट्ट्यांबाबतची सूचना अजून कोणी पाळलेली नाही.

तिसऱ्या मजल्यावर अकोल्याचा एक इंजिनिअर राहतो, कुठल्याशा आयटी कंपनीत आहे. काकू असताना तो दर रविवारी काकांशी हटकून भांडायचा. "काहून जी काका, तुमच्या लाकडी लोकायले आताची सर्व्हिस दिसली तरी असती का?" असं म्हणून तो खुर्ची पुढे ओढायचा. आता सूचनेप्रमाणे तो म्हणू लागला, "हो न काका. तुमचंच बरोबर आहे."

पहिल्या दिवशी काका खूश झाले. दुसऱ्या रविवारी त्यांनी त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. मग त्यांनी चाचपायला सुरुवात केली. खाली आवारातल्या बाकावर आम्हा दोघांशेजारी बसून म्हणाले, "आजचा जगातला पहिल्या नंबरचा खेळाडू आमच्या बँकेच्या कॅशिअरकडून हरला असता." इंजिनिअर म्हणाला, "हरला असता न काका." "कॅशिअरचा एक पाय अधू होता." "तरीबी हरला असता." काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "शक्य आहे." ते उठले आणि लिफ्टकडे गेले.

त्यानंतर त्यांचं खाली येणं कमी कमी होत गेलं. दुधाची पिशवी दुपारपर्यंत दाराच्या कडीला लटकलेली दिसायची. बुधवार पेठेची फेरी थांबली. मुलाचा फोन आला, बाबांचं ब्लडप्रेशर उतरलंय, बाबा आता अगदी शांत झालेत, ताई, तुमचे किती आभार मानू. माझ्या यादीतल्या त्या ओळीवर काट मारायला हरकत नव्हती. पण दार उघडायला त्यांना पूर्वीपेक्षा वेळ लागत होता, आणि उघडल्यावर ते 'या' म्हणायचे, बस्स. एकदा टीव्हीवर सामना चालू होता, खेळाडूंनी बाजू बदलली, आणि काका होते तिथेच बसून राहिले. मी पंख्याकडे बघितलं. ते म्हणाले, "एकट्याला कसली बाजू."

मग एक दिवस देखभालीची पावती द्यायला गेले, तर त्यांनी मला बसायला सांगितलं.

"चिटणीसबाई, स्पष्ट सांगा. मी मरणार आहे का?"

"असं काय बोलता काका?"

"माझ्या तपासण्यांचे रिपोर्ट मुलाकडे गेले. तुमच्याकडेही आले असतील. सगळे हो म्हणताहेत. पुण्यात धडधाकट माणसाला कोणी हो म्हणत नाही."

मी सगळं सांगून टाकलं. रिपोर्टमध्ये तसं काही नाही, मुलाचा फोन, ग्रुपवरची सूचना, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्याच्या आईने तीस-पस्तीस वर्षं माझं एक वाक्य धड पुरं होऊ दिलं नाही. तेव्हा ब्लडप्रेशर कुठे होतं? एवढं विचारा त्याला."

घरी येऊन मी ग्रुपवर लिहिलं, 'काकांबाबतची मागची सूचना रद्द समजावी.' मुलालाही कळवलं. तो आधी घाबरला, मग म्हणाला, "आई असताना घरात केवढा आवाज असायचा ना, ताई." त्याच रविवारी इंजिनिअर काकांना म्हणाला, "काका, तो कॅशिअर पहिल्या गेममध्येच बसला असता खाली." काकांनी त्याला दीड तास सोडलं नाही. लोकांनी गॅलरीतून बघितलं. मला हायसं वाटलं, पण रविवार आठवड्यातून एकदाच येतो, आणि इंजिनिअरला कधी शिफ्ट असते, कधी गाव असतं. मधल्या सहा संध्याकाळी त्या दाराआड टीव्हीचाच काय तो आवाज.

तेव्हा मी ते काम स्वतःकडे घेतलं. गवतावरची मोठी स्पर्धा चालू होती. मी नीट तयारी केली. नव्या खेळाच्या बाजूने पाच मुद्दे कागदावर उतरवले, वेग, व्यायाम, आहार, रॅकेटच्या तारा, प्रशिक्षण, आणि संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसले. एका खेळाडूने दोन हातांनी बॅकहँड मारला, काका "लाकूडतोड्या" म्हणाले, आणि मी पहिला मुद्दा काढला. तो त्यांनी एका वाक्यात उडवला. दुसरा अर्ध्या वाक्यात. चौथ्यापाशी त्यांनी हात वर केला.

"बाई, तुम्ही मुद्दे मांडताय. असं नाही भांडत."

"मग कसं?"

"आधी म्हणायचं, तुमच्या वेळी गवतावर बॉल उडायचाच नाही, म्हणून पुढे धावायचात, हौस म्हणून नाही. मग मी म्हणणार, ते धाडस होतं. मग म्हणायचं, धाडस कसलं, मागे थांबून दहा-वीस फटके मारायची ताकदच नव्हती, म्हणून पॉइंट लवकर संपवायची घाई." ते सोफ्यावर पुढे सरकले होते. शब्द त्यांचे नव्हते, हे माझ्या लक्षात आलं. आवाज त्यांचा, पण वाक्यांची चाल सगळी काकूंची. "आणि मग म्हणायचं, नेटवर येणाऱ्याला शूर काय म्हणता? खरा शूर तो, जो पाच तास मागे उभा राहतो आणि समोरून येईल ते सगळं परत करतो, न कुरकुरता. असं म्हणायचं."

"आणि याला तुमचं उत्तर काय?"

पडद्यावर कोणीतरी सेट जिंकला. टाळ्या संपेपर्यंत ते थांबले.

"उत्तर नव्हतंच. खूप वर्षांपूर्वीच कळलं होतं मला, तिचं बरोबर आहे."

"मग कधी म्हणाला नाहीत ते?"

"म्हणालो असतो तर ती उठून आत गेली असती."

मला टँकरवाल्याला फोन करायचा होता, कुकर लावायचा होता, सकाळच्या यादीतल्या दोन ओळी अजून बाकी होत्या. मी उठले नाही. कागदाची घडी करून ठेवून दिली आणि मला जमेल तितक्या चढ्या आवाजात म्हटलं, "तरी काका, मला विचाराल तर तुमच्या लाकडी रॅकेटवाल्यांमध्ये काही दम नव्हता." चाल बरोबर बसली नाही, हे मलाही कळलं. त्यांनी मात्र उत्तर दिलं. चांगलं सविस्तर दिलं, खेळाडूंच्या पांढऱ्या कपड्यांपासून सुरुवात करून. फक्त आवाज नेहमीपेक्षा मोठा होता, मी हातभर अंतरावर बसले असूनही, आतल्या खोलीपर्यंत जाईल इतका.