तिसरीच्या बारशाला जेवलेला साक्षीदार

सात ऑगस्ट. काकांच्या टेबलाचे खण रिकामे करतेय.

शपथपत्र टाइप झालं की काका सहीच्या जागेवर तळहात ठेवायचे. "आधी वाचा. मोठ्यानं. मग सही." मी नोटरी, ते माझे टायपिस्ट, जिल्हा कोर्टाच्या आवारात सतरा वर्षं आमची टेबलं शेजारी होती. तुम्हीही अशा टेबलांपुढे रांगेत उभे राहिला असाल. वाचायला लावणारा क्वचितच भेटला असेल. एकानं 'मी अविवाहित आहे' असं खणखणीत वाचलं. काका म्हणाले, "मंग भाईर रिक्षात बसलेल्या वैनी कुणाच्या?"

निवडणुकीत आमच्या वॉर्डाचा पुढारी उमेदवारी अर्जाचं शपथपत्र करायला आला. "अपत्यं दोन टाका," म्हणाला. दोनपेक्षा जास्त असली की उमेदवारी बाद.

काकांनी कीबोर्डवरून हात काढले. "तिसरीच्या बारशाला म्या जेवलोय की. करमाडला तुमची सासुरवाडी आन् आमचं घर दाराला दार हाय."

"ती भावाच्या नावावर लावलीय, काका. आधीच्या नगरसेवकानं तर तीन केसेस लपवल्या. तवा कुठं होता तुम्ही?"

"हितंच व्हतो. त्याचं खोटं त्याच्या कागदावर. हा कागद तुमचा हाय."

तो माझ्याकडे वळला. "मॅडम, वॉर्डाला पाणी पाहिजे का नाय?"

पाहिजे होतं. आठवड्यानं नळ यायचा. आधीच्यानं पाइपलाइन खाल्ली होती. हा निदान टँकर वेळेवर धाडायचा. काका चहाला निघून गेले. कागद मी टाइप केला, शिक्काही मारला.

तो निवडून आला. तिसरं मूल लपवलं म्हणून हरलेल्यानं दावा लावला. काकांनी साक्षीत सांगितलं, हे बोलणं मॅडमसमोर झालंय. मग मला बोलावलं. मी शपथ घेतली आणि म्हणाले, "असं काही बोलणं माझ्यासमोर झालं नाही." पुढाऱ्याच्या वकिलानं काकांना पुन्हा उभं करून विचारलं, साक्षीचे किती मिळाले? मागच्या बाकावर हशा झाला.

बाहेर मी त्यांना गाठलं. "काका, आधीच्यापेक्षा हा बरा आहे की नाही?"

"आसंल. म्या त्याला वाईट म्हणलोच नाय, मॅडम."

ते बस गाठायला गेले. पुन्हा टेबलावर आले नाहीत. माझे फोनही उचलले नाहीत. करमाडात लोक त्यांना विकलेला साक्षीदार म्हणायला लागले होते, हे मला नंतर कळलं. दोन महिन्यांनी ते झोपेतच गेले.

काल त्यांच्या दहाव्याला करमाडला गेले होते. त्यांच्या सुनेनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला आणि आत निघून गेली. समोरच्या ओट्यावर सहा-सात वर्षांची मुलगी खडूनं रेघोट्या ओढत होती.

"कुणाची गं तू?"

तिनं पाठ केल्यासारखं नाव सांगितलं. बापाच्या जागी चुलत्याचं. मग माझ्याकडे बघत राहिली, बरोबर आलं का म्हणून.

दाव्याचा निकाल अजून बाकी आहे.

आज सकाळी मी अर्ज टाइप केला: शपथेवर दिलेली माझी साक्ष खोटी होती. स्वतःचा कागद स्वतःला नोटरी करता येत नाही, म्हणून पलीकडच्या झाडाखाली बसणाऱ्या दुसऱ्या नोटरी वकिलाकडे नेला. त्यानं चार ओळी वाचल्या आणि चष्मा काढला.

"ताई, परवाना जाईल. आत टाकतील, ते वेगळंच."

"माहीत आहे. शिक्का मारा."

अकराच्या आत अर्ज कोर्टात दिला.