खुटबावच्या दह्यासाठी एक डुगडुगता स्टँड

माझं संशोधन एका वाक्यात सांगायचं तर, रेल्वे गेली की आजूबाजूच्या घरातल्या वस्तू थरथरतात, ती थरथर अडवायची. त्यासाठी मी स्प्रिंग आणि रबराच्या पायांचा एक स्टँड बनवलाय. लॅबमध्ये तो झकास चालला. मग सर म्हणाले, "आता खऱ्या रुळाशेजारी, खऱ्या घरात दाखव. नाही जमलं तर विषय बदलू." पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी विषय बदलणं म्हणजे काय, हे लग्नाचं विचारणाऱ्या नातेवाइकांना तुम्हीच समजावून सांगा.

लॅबमधला माझा जोडीदार समीर म्हणाला, "माझी मामी खुटबावला रुळांना लागून राहते. गाड्यांच्या हादऱ्यानं तिचं दही फुटतं, पाणी सुटतं." दही! मी तिथल्या तिथे उडी मारली.

शनिवारी समीरच्या जुन्या गाडीतून निघालो. नगर रस्त्यानं जाणार असाल तर उजाडायच्या आत वाघोली ओलांडा, नंतर पस्तावाल. शिरूरला गरमागरम भजी-पाव खाल्ले आणि वर्कशॉपमधून स्टँडची नवी चौकट उचलली. तिथले दादा ती दोन बोटांनी हलवून बघत होते. "मॅडम, वेल्डिंग पक्कं हाय. पर ह्ये हालतंय. ते तुमचं डिझाइनच तसलंय, आमच्याकडं बोट दाखवू नगा."

हलायलाच हवं होतं ते. हात लावला की झुलणारा स्टँडच गाडीची बारीक थरथर वर पोचू देत नाही. हे मी दादांना इतक्या उत्साहानं समजावलं की त्यांनी मला चहा पाजून थांबवलं.

न्हावऱ्याहून वाट वाकडी करून इनामगावलाही गेलो. घोडनदीच्या काठी ताम्रपाषाण काळातली वस्ती सापडली, ती ही जागा. पाटी शोधण्यात वेळ घालवू नका, गावात विचारा, आणि टोपी न्या. त्या लोकांची मडकी इतकी वर्षं कशी टिकली, असं मी म्हणाले. समीर म्हणाला, "रेल्वे नव्हती ना." यावर आम्ही चौफुल्यापर्यंत हसत होतो.

मामींनी दारातच पाणी दिलं. स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे परसू आणि त्यापुढे थेट रूळ. स्टँड फडताळाशेजारी ठेवला, दुधाचं पातेलं ठेवायला वर फळी टाकली आणि मामींच्या आग्रहाखातर पुढच्या खोलीत पिठलं-भाकरी खायला बसलो. मग एक सेन्सर जमिनीवर, एक फळीवर चिकटवला. मालगाडी आली. भांडी वाजली. लॅपटॉपवर दोन्ही रेषा सारख्याच उसळल्या.

दुसरी गाडी आली, तेच. स्टँडवर ठेवा नाहीतर फरशीवर, काही फरक नव्हता. गेला माझा विषय, असं वाटून मी भिंतीला टेकून खालीच बसले.

खाली बसले म्हणूनच दिसलं. फळीखाली, चारही कोपऱ्यांत, स्प्रिंगच्या बाजूला लाकडाच्या कपच्या घट्ट ठोकलेल्या. स्प्रिंगला हलायला जागाच नव्हती.

"मामी, ह्या कपच्या?"

"म्याच घातल्या, तुम्ही जेवत हुता तवा. लई डुगडुगत हुतं. पावण्यांची वस्तू, पडली बिडली म्हंजी?"

डुगडुगणाऱ्या टेबलाखाली काहीतरी सरकवल्याशिवाय आपल्याकडच्या कुठल्या बाईला चैन पडतं? माझी आईसुद्धा हेच करते. मी मामींना मिठीच मारली. त्या बावरून म्हणाल्या, "आता काय झालं रं हिला?"

कपच्या काढल्या. पुढची एक्सप्रेस आली तेव्हा जमिनीची रेषा थयथयाट करत होती आणि फळीची रेषा जेमतेम हलली. मी आणि समीर त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात नाचलो. मामींनी शांतपणे कोमट दुधात विरजण लावून पातेलं स्टँडवर ठेवलं.

दही लागेपर्यंत काय करायचं? दौंड गाठलं. वाटेत वरवंडला उसाचा रस नक्की घ्या, आलं जास्त घालायला सांगा. दौंड जंक्शनवर प्लॅटफॉर्म तिकीट काढून मी बाकावर तळवा टेकून बसले. गाडी शिरायच्या आधीच ती हाताला कळायची. समीर लोकांना सांगत होता, "ठीक आहे ती, अभ्यास करतेय."

संध्याकाळी खुटबावला परतलो. तोवर किती गाड्या गेल्या असतील कोण जाणे. मामींनी पातेलं तिरकं केलं. दही जागचं हललं नाही. पाण्याचा थेंब नाही. त्यांनी बोट लावून चाखलं, पुन्हा एकदा चाखलं. मग म्हणाल्या, "लगीन करून आले तवापासनं ह्या घरात असलं दही लागलं न्हवतं."

मला रडू आलं, खरंच.

सोमवारी सरांनी आलेख पाहिले. विषय तोच राहिला. फक्त, स्टँड लॅबच्या मालकीचा असल्यानं परत आणायला हवा, म्हणाले. पुढच्या रविवारी समीर तो आणायला गेला आणि दह्यानं काठोकाठ भरलेला स्टीलचा डबा घेऊन आला.

"आणि स्टँड?"

"मामी देत नाही म्हणाली."

लॅबमध्ये आम्ही सगळ्यांनी दही खाल्लं. सरांनी दोनदा घेतलं, आणि दुसरा स्टँड करायच्या कागदावर डब्याशेजारीच सही केली.