बटणाशेजारचं लाटणं

आमच्या भाड्याच्या जुनाट घरात, स्वयंपाकघरातल्या दिव्याच्या बटणाशेजारी खिळ्याला एक लाटणं टांगलेलं असायचं. बटणाला बोट लागलं की झटका बसायचा, म्हणून दिवा लाटण्यानं लावायचा. घरमालक म्हणायचे, "बघू, दिवाळीनंतर." अशा तीन दिवाळ्या गेल्या. आम्हीही पाहुण्यांना ते लाटणं हसत हसत दाखवायचो. धोक्याला एक खिळा ठोकून दिला की तोही घरातलाच वाटायला लागतो!

परवा आम्ही माझ्या बहिणीकडे गेलो, तर माझी चार वर्षांची चिमी तिच्या बटणापाशी उभी राहून म्हणाली, "मावशी, तुझं लाटणं कुठंय?" सगळे हसले. मी मात्र तिथूनच वायरमनला फोन लावला.

दुसऱ्याच दिवशी वायरमनला घेऊन मी घरमालकांच्या दारात उभी राहिले. "आज. आत्ता," म्हटलं. संध्याकाळपर्यंत नवी वायर, नवं बटण!

आधी मी दाबून दाखवलं. मग चिमीनं घाबरत बोट टेकवलं आणि ओरडली, "आई, चावत नाही गं!" मग चालू, बंद, चालू, बंद. मी तिला थांबवलं नाही. लाटणं स्वच्छ धुतलं आणि त्या लागत्या-विझत्या उजेडात पोळ्या लाटायला घेतल्या.